मशीन जागे होण्याआधीची झडती

लिनक्सचे मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावरून ओळी सरसर वर सरकत जातात. त्यातली एक ओळ लिनक्सवाल्यांच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेलेली असते, पण नीट वाचलेली क्वचितच असते. आधी डिस्कच्या विभागाचे नाव, पुढे 'क्लीन' हा शब्द, मग दोन अपूर्णांक : इतक्यांपैकी इतक्या फाइल्स, इतक्यांपैकी इतके ब्लॉक. वाटते, कोणीतरी सगळी डिस्क धुंडाळली, मोजदाद केली आणि सारे ठीकठाक असल्याचा निर्वाळा दिला. प्रत्यक्षात तसे काही झालेले नसते. तपासनीस दारापर्यंत आला, दारावरची पाटी त्याने वाचली, पाटीवर 'घर स्वच्छ आहे' असे लिहिले होते, आणि तो पुढच्या दाराकडे वळला. पाटी लावली होती घरानेच.

या तपासनीसाचे नाव एफएससीके, म्हणजे 'फाइल सिस्टीम चेक'चे आखूड रूप. ही चार अक्षरे एका इंग्रजी शिवीच्या इतकी जवळची आहेत की सिस्टीम सांभाळणारी मंडळी वैतागली की तीच शिवी म्हणून वापरतात. वैतागाला कारणही असते, ते पुढे येईलच. पाटीवर भरवसा न ठेवता या तपासनीसाला घरात पाठवायचे, म्हणजेच मशीन सुरू होतानाच सक्तीची तपासणी करवून घ्यायची, ही युक्ती युनिक्सच्या जगात जुनी आहे. ती करण्याच्या रीती मात्र दर पिढीत बदलत गेल्या.

आधी घरात काय असते ते पाहू. डिस्कवरची फाइल म्हणजे एका जागी बांधून ठेवलेला गठ्ठा नव्हे. मजकूर ब्लॉकांमध्ये वाटलेला असतो; आजच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीममध्ये एक ब्लॉक सहसा चार किलोबाइटचा. कोणते ब्लॉक कोणत्या फाइलचे, मालक कोण, आकार किती, हे आयनोड नावाच्या छोट्याशा नोंदीत असते. गंमत म्हणजे फाइलचे नाव या नोंदीत नसतेच. ते डिरेक्टरीत असते, आणि नावासमोर फक्त आयनोडचा क्रमांक. कोणता ब्लॉक भरलेला आणि कोणता मोकळा, याचा तक्ता वेगळाच. त्याला बिटमॅप म्हणतात. या सगळ्याच्या माथ्यावर सुपरब्लॉक. एकूण ब्लॉक किती, आयनोड किती, शेवटची तपासणी केव्हा झाली, त्यानंतर विभाग कितीदा माउंट झाला, म्हणजे वापरासाठी सिस्टीमला जोडला गेला, आणि ती 'क्लीन'ची पाटी, हे सारे त्यात.

तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. सातबारा जमिनीच्या तुकड्यापासून सुरू होऊन मालकापर्यंत जातो, आठ-अ खातेदारापासून सुरू होऊन त्याच्या सगळ्या तुकड्यांपर्यंत. गाव तेच, जमीन तीच. दोन्ही उतारे जुळलेच पाहिजेत. डिस्कवरचा बिटमॅप सातबाऱ्याहून तुटक. तो मालकाचे नाव सांगत नाही, तुकडा वहिवाटीत आहे की पडीक एवढेच सांगतो. पण नियम तोच : आयनोड ज्या ब्लॉकांवर हक्क सांगतात, तेवढेच ब्लॉक तक्त्यात भरलेले दिसले पाहिजेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

जुळत नाही ते केव्हा? एक साधी नवी फाइल तयार करायची तरी आयनोडांच्या तक्त्यात खूण करावी लागते, आयनोड भरावा लागतो, ब्लॉकांच्या तक्त्यात खुणा कराव्या लागतात, डिरेक्टरीत नाव घालावे लागते, आणि शिल्लक ब्लॉकांचा आकडा कमी करावा लागतो. या नोंदी डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे एकाच क्षणी लिहिल्या जात नाहीत. शिवाय वेगासाठी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्या काही सेकंद मेमरीतच ठेवून मग डिस्कवर उतरवतो. मधल्या वेळात वीज गेली की काही नोंदी झालेल्या, काही राहिलेल्या. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे ज्यांनी कॉम्प्युटरसमोर काढली आहेत, त्यांना यूपीएसची शिट्टी आणि त्यानंतरची शांतता वेगळी समजावून सांगायला नको.

सत्तरच्या दशकात बेल लॅब्जच्या युनिक्सवर ही जुळवाजुळव माणसाच्या हातात होती. आयचेक नावाचा प्रोग्रॅम ब्लॉकांचा हिशेब पाही, डीचेक डिरेक्टऱ्यांचा, एनचेक आयनोडच्या क्रमांकावरून नाव शोधून देई, आणि सीएलआरआय दिलेल्या क्रमांकाचा आयनोड पुसून टाकी. कोणते अवजार केव्हा उचलायचे ते चालवणाऱ्याने ठरवायचे. सीएलआरआयला एक आकडा चुकीचा दिला की धडधाकट फाइल गेली. टेड कोवाल्स्की यांनी बेल लॅब्जमध्येच ही सगळी कामे एका प्रोग्रॅममध्ये आणली, तोच एफएससीके. पुढे बर्कले विद्यापीठात कर्क मॅक्युसिक यांनी युनिक्ससाठी नवी वेगवान फाइल सिस्टीम रचली, १९८३ साली ४.२ बीएसडीबरोबर ती बाहेर पडली, आणि तिच्यासाठी एफएससीकेही नव्याने घडवला गेला. या रचनेत सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कभर ठिकठिकाणी ठेवलेल्या असत. मूळ पान फाटले तर नकलेवरून काम चालावे म्हणून. ही सोय लिनक्सच्या फाइल सिस्टीमनेही उचलली. चार किलोबाइटच्या ब्लॉकांच्या ईएक्सटी विभागात पहिली नक्कल ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते, आणि अडचणीत सापडलेल्या अनेकांना हा आकडा आपल्या फोन नंबरासारखा पाठ झालेला असतो.

तपासनीस खरोखर आत शिरला की त्याच्या पाच फेऱ्या होतात. ईएक्सटी कुळासाठीचा ईटूएफएससीके त्या क्रमाने पडद्यावर दाखवतो. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड वाचायचा आणि तो कोणत्या ब्लॉकांवर हक्क सांगतो याची स्वतःची नवी यादी करायची. वेळ सगळ्यात जास्त खाते ती हीच फेरी. एकाच ब्लॉकवर दोन फाइल्सनी हक्क सांगितला तर इथेच उघड होते; मग त्या ब्लॉकची नक्कल काढून दोघींना एकेक दिली जाते, कारण मूळचा खरा मालक कोण हे ठरवायला काही साधनच नसते. दुसऱ्या फेरीत डिरेक्टऱ्यांमधली नावे खऱ्याखुऱ्या आयनोडांकडे बोट दाखवतात का, ते पाहायचे. तिसरीत प्रत्येक डिरेक्टरीपासून वर वर चढत मुळापर्यंत पोहोचता येते का, ते. चौथीत प्रत्येक आयनोडला किती नावांनी धरून ठेवले आहे याची मोजणी. शेवटच्या फेरीत पहिलीत केलेली यादी डिस्कवरच्या बिटमॅपशी ताडून पाहायची आणि फरक असेल तर बिटमॅप दुरुस्त करायचा.

चौथ्या फेरीत कधीकधी असा आयनोड सापडतो की त्यात मजकूर आहे, ब्लॉक आहेत, मालकही आहे, पण त्याचे नाव एकाही डिरेक्टरीत नाही. बेवारस. अशांसाठी प्रत्येक ईएक्सटी विभागाच्या मुळाशी 'लॉस्ट अँड फाउंड' नावाची डिरेक्टरी असते. नाव गेलेले असल्यामुळे फाइल तिथे ठेवली जाते ती क्रमांकाने : आधी 'हॅश'ची खूण, पुढे १३१०७४ यासारखा आयनोडचा आकडा. ही डिरेक्टरी रिकामी असतानाही तिचा आकार १६३८४ बाइट दिसतो, आणि नवख्या माणसाला प्रश्न पडतो की रिकाम्या खोलीने एवढी जागा का अडवली. उत्तर मोठे शहाणपणाचे आहे. दुरुस्ती चालू असताना कोणते ब्लॉक खरोखर मोकळे आहेत याचाच भरवसा नसतो. अशा वेळी बेवारस फाइल्स ठेवायला नवी जागा शोधायला गेले तर कोणाच्या तरी जिवंत मजकुरावर पाय पडायचा. म्हणून विभाग तयार होतानाच या खोलीची जागा राखून ठेवलेली असते.

एक मर्यादा इथेच सांगून टाकायला हवी. एफएससीके दप्तर तपासतो, शेत तपासत नाही. फाइलच्या आतला मजकूर अर्धवट लिहिला गेला असेल, फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात राखाडी पट्टे आले असतील, तर त्याचे त्याला काही कळत नाही आणि त्याचे ते कामही नाही. कर्नलने चुकीच्या तक्त्यावर विसंबून, मोकळा समजून, भरलेल्या ब्लॉकवर लिहू नये, एवढे तो पाहतो. तपासणी केली तर फाइल परत मिळेल, या आशेने ती चालवणाऱ्याच्या पदरी बहुतेकदा निराशा येते. पुढचे नुकसान मात्र टळते.

वैतागाचे कारण आता. ईएक्सटी२ ही लिनक्सची फाइल सिस्टीम १९९३ साली आली. रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी ही तिच्यामागची नावे. पाटी 'क्लीन' असली तरी अधूनमधून घरात डोकावले पाहिजे, असा तिचा बाणा होता. म्हणून सुपरब्लॉकमध्ये माउंटची मोजणी ठेवली गेली : वीस-चाळीस वेळा माउंट झाले किंवा १८० दिवस उलटले, जे आधी घडेल तेव्हा पूर्ण तपासणी. नेमका आकडा प्रत्येक विभागाला थोडा वेगळा दिला जाई, सगळ्या विभागांची पाळी एकाच सकाळी येऊ नये म्हणून. तरी यायची तेव्हा ती चुकीच्याच वेळी यायची. सभागृह भरले आहे, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आहे, आणि पडद्यावर ओळ उमटते की हा विभाग तीस वेळा तपासणीविना माउंट झाला आहे, सक्तीची तपासणी सुरू. मग टक्क्यांचा आकडा गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत राही. डिस्का मोठ्या होत गेल्या तशी मिनिटांची तपासणी तासांवर गेली. उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने पुढे 'सी' दाबून ती रद्द करण्याची सोयच देऊन टाकली.

यावरचा उतारा जर्नल या नावाने आला. स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाली. तिची कल्पना पुन्हा तलाठ्याच्या दप्तरातली वाटावी अशी आहे : थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करायची नाही, बदल आधी फेरफार नोंदवहीत लिहायचा, तो पुरता लिहून झाला की मगच उताऱ्यावर उतरवायचा. वीज मध्येच गेली तर मशीन पुन्हा सुरू होताना ही वही वाचली जाते. पुऱ्या झालेल्या नोंदी उताऱ्यावर चढवल्या जातात, अर्धवट राहिलेल्या सोडून दिल्या जातात. सगळे गाव फिरायची गरज उरत नाही. तासांचे काम काही सेकंदांत होते. २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ईएक्सटी४ने हीच वाट पुढे नेली, आणि आयनोडांच्या तक्त्यातला कधीच न वापरलेला भाग वगळून पूर्ण तपासणीही बरीच वेगवान केली. २०११ पासून तर नवा विभाग तयार करताना माउंटांची मोजणी आणि दिवसांची मुदत या दोन्ही अटी मुळातच बंद ठेवल्या जाऊ लागल्या. मोजणीची कमाल मर्यादा 'उणे १' लिहिलेली दिसते. अर्थ, कधीच नाही.

आणि इथेच पाटीची गोष्ट उलटी झाली. जर्नल असलेला विभाग वीज गेली तरी वही वाचून होताच पुन्हा 'क्लीन' ठरतो. म्हणजे पाटी जवळजवळ कायमच स्वच्छ. पण जर्नल ज्या संकटासाठी बनले ते एकच, अर्धवट राहिलेले लिखाण. डिस्कची सैल केबल, मेमरीतला एखादा उलटलेला बिट, म्हातारी होत चाललेली डिस्क, कर्नलमधलाच एखादा दोष, यांपैकी काहीही चुकीची नोंद अगदी व्यवस्थित, वहीत लिहून, पूर्ण करून उताऱ्यावर चढवू शकते. पाटीला त्याचा पत्ता लागत नाही. सक्तीच्या तपासणीची गरज जर्नल आल्यावर संपली, हा समज म्हणूनच घातक आहे. पूर्वी जी झडती आपोआप होत होती ती आता कोणीतरी मुद्दाम मागावी लागते, एवढाच फरक पडला.

मागायची कशी? जुनी रीत फार सुटसुटीत होती. मुळाच्या डिरेक्टरीत 'फोर्सएफएससीके' नावाची रिकामी फाइल तयार करायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचे. किंवा 'शटडाउन' या आज्ञेला मोठ्या लिपीतला 'एफ' जोडायचा, म्हणजे ती फाइल तोच तयार करून ठेवी. सुरुवातीच्या स्क्रिप्ट मुळाचा विभाग आधी केवळ वाचण्यापुरता माउंट करत, ही फाइल दिसली की पाटी न वाचता तपासणी सुरू करत, आणि काम झाल्यावर फाइल पुसून टाकत. छोटी लिपी वापरून 'एफ' दिला तर नेमके उलटे, तपासणी टाळायची. एका अक्षराच्या मोठ्या-छोट्या रूपावर इतका फरक ठेवणे ही खास युनिक्सची खोड.

सोय सुटसुटीत असली तरी तिच्यात एक विनोद दडलेला होता. ज्या विभागाच्या प्रकृतीविषयी शंका आहे, त्याच विभागावर आणखी एक फाइल लिहून तपासणीची मागणी करायची! आणि पुढे अडचण खरीच आली. अलीकडची बरीच लिनक्स मशीन्स मुळाचा विभाग माउंट होण्याआधीच, मेमरीत उघडलेल्या इनिटरॅमएफएस नावाच्या तात्पुरत्या छोट्या सिस्टीममधून, तपासून घेतात. माउंटच झाला नाही तर त्याच्या आतली चिठ्ठी दिसणार कशी? तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे झाले.

म्हणून सिस्टमडीच्या, म्हणजे जुन्या सुरुवातीच्या स्क्रिप्टची जागा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, काळात मागणी बाहेरून करायची रीत पडली, थेट कर्नलला द्यायच्या ओळीतून. मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू दिसला की 'ई' दाबायचे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीच्या टोकाला जायचे, एक जागा सोडून 'एफएससीके.मोड=फोर्स' हे शब्द रोमन लिपीत टाइप करायचे, आणि कंट्रोल-एक्स. ही मागणी त्या एका वेळेपुरतीच. पुढच्या वेळी ओळ मूळपदावर. मात्र फाइल सिस्टीमच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, प्रत्येक विभागापुढे सहावा रकाना असतो. मुळाला १, इतरांना २, आणि ० म्हणजे तपासूच नका. तिथे शून्य घालून ठेवलेला डेटाचा विभाग सक्तीतूनही सुटून जातो आणि मालक समजत राहतो की सगळे तपासून झाले.

तिसरा मार्ग पाटीच बदलण्याचा. ट्यूनटूएफएस या प्रोग्रॅमने माउंटची कमाल मर्यादा १ करून टाकली की दर वेळी तपासणी. किंवा मोजणीचा आकडाच मर्यादेच्या पुढे सरकवून ठेवला की पुढच्या वेळी एकदा. नव्या आवृत्त्यांत तर सुपरब्लॉकवर सरळ 'दोष आढळला आहे' अशी खूण करण्याचा पर्याय आहे. दोष आढळलेला नसतो; पण पाटी घर चांगले असल्याचे उगाच सांगू शकते, तर घर बिघडल्याचे उगाच सांगायला काय हरकत?

मॅकच्या जुन्या वापरकर्त्यांना हीच सक्ती वेगळ्या वेषात आठवेल. कमांड आणि 'एस' धरून मशीन सुरू करायचे, 'सिंगल यूजर' पद्धतीच्या काळ्या पडद्यावर एफएससीके आणि पुढे 'एफवाय' लिहायचे. त्यातला 'एफ' सक्तीचा. ॲपलने आपल्या फाइल सिस्टीमला जर्नल जोडल्यावर तो लागू लागला, कारण जर्नल असलेल्या डिस्कवर नुसता एफएससीके काम करायलाच नकार देई.

हे सगळे मशीन सुरू होतानाच का करायचे, चालू असताना का नाही, याचे उत्तर ईटूएफएससीके स्वतः देतो. माउंट केलेल्या विभागावर त्याला चालवायला गेले की तो मोठ्या अक्षरांत, तारकांच्या गराड्यात बजावतो की पुढे गेलात तर फाइल सिस्टीमचे गंभीर नुकसान होणारच. कर्नल मेमरीतल्या नोंदींवरून लिहितो आहे, तपासनीस डिस्कवरच्या नोंदी दुरुस्त करतो आहे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. घरात कोणी राहायला येण्याआधीचा, मशीन उठतानाचा तो छोटासा काळच काय तो मोकळा.

तपासणीची सक्ती आणि दुरुस्तीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गफलत इथेच जास्त होते. वेगळे काही सांगितले नसेल तर सिस्टमडी तपासनीसाला फक्त निर्धोक दुरुस्त्या करू देतो. त्याच्या पलीकडचे काही सापडले तर काम थांबते, अनपेक्षित विसंगती आहे, हाताने तपासणी चालवा, असा संदेश येतो, आणि मशीन आणीबाणीच्या पडद्यावर पासवर्ड मागत बसते. रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये मात्र कर्नलच्या ओळीत 'एफएससीके.रिपेअर=येस' हे आधीच लिहिलेले येते. तो इटुकला बोर्ड बहुधा कुठेतरी छतावर, पडद्याविना आणि कीबोर्डविना टांगलेला. त्याने प्रश्न विचारले तर उत्तर देणार कोण? तिथे सरसकट होकार शहाणपणाचा. पण ज्या डिस्कवर दहा वर्षांचे हिशेब आहेत आणि जी खडखडू लागली आहे, तिच्यावर हाच होकार दिला तर तपासनीस वाचता न येणाऱ्या नोंदी निकामी समजून बेधडक काढून टाकतो. अशा डिस्कची आधी दुसरीकडे हुबेहूब नक्कल काढायची आणि झडती त्या नकलेची घ्यायची, असे जाणती मंडळी करतात.

काही घरांना हा तपासनीस लागूच पडत नाही. २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून जिथे एक्सएफएस ही फाइल सिस्टीम आपोआप निवडली जाते, तिथे तिच्या नावाचा एफएससीके असतो खरा, पण त्याचे नेहमीचे काम काहीही न करता 'सर्व ठीक' असे सांगून निघून जाणे एवढेच. वही वाचणे माउंट होतानाच होते आणि खरी दुरुस्ती एक्सएफएस-रिपेअर या वेगळ्या प्रोग्रॅमची. अलीकडच्या आवृत्त्यांत मात्र सक्ती केली की हा नावापुरता तपासनीस त्या प्रोग्रॅमला हाक मारतो. सन कंपनीत जन्मलेल्या झेडएफएसने तर एफएससीके ठेवलाच नाही. प्रत्येक ब्लॉकसोबत पडताळणीचा आकडा साठवायचा आणि चालू मशीनवरच सगळे ब्लॉक ताडून पाहायचे, ही तिची तऱ्हा.

आपल्या मशीनवर शेवटची खरी झडती केव्हा झाली, हे कोणालाही पाहता येते. ट्यूनटूएफएसला 'एल' जोडून विभागाचे नाव दिले की सुपरब्लॉकची सगळी पाटी पडद्यावर उलगडते. तिच्यात बऱ्याच खाली 'लास्ट चेक्ड' अशी ओळ असते आणि तिच्या वर काही ओळींवर 'फाइलसिस्टीम क्रिएटेड'. पाच-सात वर्षे रोज चालणाऱ्या लॅपटॉपवरही या दोन ओळींपुढे अनेकदा एकच तारीख, एकच तास आणि एकच मिनिट सापडते : सिस्टीम पहिल्यांदा बसवली तो क्षण. ग्रबच्या मेनूत जाऊन 'ई' दाबले, ते दोन शब्द लिहिले, आणि तपासनीस पाचही फेऱ्या करून बाहेर आला की यातली एक तारीख बदलते.